ते डब्याचं वाक्य

मी संख्याशास्त्र शिकवते. हे ऐकलं की लोक एक तर बारावीच्या गणिताची रडकथा सांगतात, नाही तर विषय बदलतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षानुवर्षं पिशवीतून लाल-पांढरे चेंडू काढायचे, कारखान्यातले बिघडलेले बल्ब मोजायचे आणि कुठल्याशा काल्पनिक वर्गातल्या काल्पनिक मुलांची उंची फळ्यावर मांडायची, याचा माणसाला कधीतरी वीट येतोच. म्हणून जेव्हा प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की यंदा आपल्या मुलांना कॉलेजात कसं वाटतं याची गोपनीय पाहणी करायची आहे, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं. खरी माणसं, खरी उत्तरं, खरी आकडेवारी. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आमचं कॉलेज मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आहे. मुलं कुठून कुठून येतात. घाटकोपर, मुलुंड, चारकोप, अगदी खाडीपलीकडची गोराईसुद्धा. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाचे वडील मराठवाड्यातून येऊन इथं वॉर्डबॉय झाले, तर कुणाची आई पापडाचा उद्योग चालवते. पाहणीची समिती दोघांची ठरली. एक मी आणि दुसरे मराठीचे सर. सर मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांचा एक कवितासंग्रह आहे आणि त्याच्या बहुतेक प्रती त्यांच्याच पलंगाखाली आहेत, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. संख्याशास्त्राशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांना सगळ्या परीक्षांचे गुण मोठ्यानं बेरीज करून तपासायची सवय आहे. मला वाटलं होतं, यांचं नाव फक्त सहीपुरतं असणार.

मी वर्गावर्गात जाऊन पाहणी समजावली. नाव विचारणार नाही, ईमेल साठवणार नाही, मोबाइलवर दहा मिनिटांत भरून होईल. कोणी काय लिहिलं हे प्राचार्यांनासुद्धा कळणार नाही, असंही सांगितलं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागून एकानं विचारलं, "नक्की ना मॅडम? नंतर आमची वाट लागेल." वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. "माझा शब्द आहे," म्हटलं. असा शब्द आपण दिवसातून दहादा देतो. पण तिथं वर्ग एकदम शांत झाला, तेव्हा मला जाणवलं की मुलांनी तो खरंच धरून ठेवलाय.

उत्तरं अपेक्षेपेक्षा खूप जास्त आली. पहिल्यांदा मी सरासरी काढली, कारण प्राचार्यांना सरासरी आवडते. 'हे कॉलेज मला आपलं वाटतं' या विधानाला मुलांनी एक ते पाचमध्ये दिलेल्या गुणांची सरासरी अगदी मधोमध बसली होती. ना चांगलं, ना वाईट, नुसतंच ठीक. माझा चेहरा पडला. एवढी यातायात करून निष्कर्ष काय, तर ठीक. मग मी त्याच उत्तरांचा आलेख काढला आणि खुर्चीतून उठलेच. मधोमध कोणी नव्हतंच. एका टोकाला एक उंचवटा, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये खळगा. सरासरी त्या खळग्यात एकटीच उभी होती. कॉलेज फार आवडणारी मुलं आणि अजिबात आपलं न वाटणारी मुलं, अशी दोन गर्दीची टोकं होती आणि 'ठीक' म्हणणारं जवळपास कोणीच नव्हतं.

मी धावत मराठीच्या सरांकडे गेले. ते पेपर तपासत होते. मी आलेख दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ह्यो उंट खंयचो?"

तो उंट कुठून आला हे शोधताना पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हते. वर्गानुसार फोडून पाहिलं, काही नाही. मुलगे-मुली, काही नाही. मग अकरावी-बारावी याच आवारात केलेली मुलं आणि तेरावीला बाहेरून आलेली मुलं असे दोन गट केले, आणि उंटाची दोन्ही कुबडं सरळ वेगवेगळी झाली. बाहेरून आलेल्यांना कॉलेज आपलं वाटत नव्हतं. त्यातही सगळ्यात मोठी तफावत एका साध्या विधानावर होती. 'मधल्या सुट्टीत मला कोणाची तरी सोबत असते.' लेक्चर, परीक्षा, ग्रंथालय, या सगळ्यांत फरक थोडाथोडा. पण मधली सुट्टी आली की दरी.

त्याच उत्साहात मी एक घोडचूक करणार होते. मुलं कॉलेजात कशी येतात हाही प्रश्न आम्ही विचारला होता. बस, मेट्रो, दुचाकी असे सगळे गट मी छान रंगीत तक्त्यात मांडले, आणि एका रांगेत मला फार विलक्षण काहीतरी दिसलं. बोटीनं येणारे सगळ्यात दुःखी. मी सरांना म्हटलं, बघा, गोराईच्या मुलांसाठी काहीतरी करायला हवं, हा तर वेगळाच निष्कर्ष निघतोय. सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "अगो बाय, बोटीन येणारो माणूस एकच आसा. तू तेचो फोटोच छापतंस."

माझा हात तिथंच थांबला. मी गट पाहत होते, माणूस पाहतच नव्हते. (बोट होती असं फक्त समजा. खरं वाहन दुसरंच होतं. शब्द दिलाय तो दिलाय.) ती रांग मी ताबडतोब 'इतर'मध्ये ढकलली आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं, की दहापेक्षा लहान कुठलाही गट वेगळा दाखवलेला नाही. सर आता सहीपुरते राहिले नव्हते.

खरी पंचाईत पुढे होती. पाहणीच्या शेवटी एक मोकळा रकाना होता. 'आणखी काही सांगायचं आहे?' तिथं मुलांनी भरभरून लिहिलं होतं. मी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून ती उत्तरं वाचत होते आणि मागून अर्थशास्त्राच्या मॅडम चहाचा कप घेऊन आल्या. त्यांची नजर जेमतेम एका ओळीवर पडली असेल. त्या लगेच म्हणाल्या, "हे तर माझ्या टीवायच्या त्या लंबूचं. 'म्हणजे कसंय ना' केल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नाही." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपलं मूल ओळखता आलं याचंच त्यांना कौतुक होतं. मी लॅपटॉप बंद केला. नाव नव्हतं, ईमेल नव्हता, तरी पोरगा ओळखला गेला होता. आकडे लपवणं सोपं असतं. मुलं बोलतात कशी, ते लपवायचं कसं हे मला माहीत नव्हतं.

सरांना माहीत होतं. दोन दुपारी आम्ही रिकाम्या वर्गात बसलो आणि त्यांनी एकेक उत्तर घेऊन ते साध्या, सरळ, कोणाच्याच नसलेल्या मराठीत उतरवलं. 'यार' गेला, 'ना' गेला, मालवणी हेल गेला, विदर्भातलं 'बे' गेलं, इंग्रजीची फोडणी गेली. लिहिणारा मुलगा की मुलगी हेसुद्धा कळू नये म्हणून ते वाक्यं फिरवून फिरवून मांडत होते. मी नुसती बघत होते. मधेच ते थांबून म्हणाले की, बत्तीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगतोय, पुस्तकी लिहू नका, तुमच्या घरात बोलता तसं लिहा. आणि आज जे थोडेफार तसं लिहायला शिकले, त्यांचंच मी पुस्तकी करतोय. हे बोलताना ते हसत होते, पण पेन जरा जोरात टेकवत होते.

त्यातल्या एका उत्तराला सरांना सगळ्यात जास्त वेळ लागला. ते मूळ शब्द मी इथंही लिहिणार नाही. ते इतके त्या एकाच माणसाचे होते, की त्याला रोज भेटणाऱ्या कोणीही ते लगेच ओळखले असते; आम्हा दोघांच्या वर्गात ते मूल नसावं, म्हणून आम्हाला कळलं नाही, एवढंच. सरांनी ते तीनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आणि शेवटी कागदावर हे उरलं:

'डबा रोज आणला जातो. पण तो कोणासोबत उघडावा हे कळत नाही, म्हणून पुष्कळदा तो तसाच घरी परत जातो.'

हे समजायला आमच्याकडची मधली सुट्टी माहीत हवी. कँटीनमध्ये बाहेरचे पदार्थ आणायला मनाई आहे. वर्गात प्रोजेक्टर बसवल्यापासून सुट्टीत वर्गांना कुलूप लागतं. मग डबेवाली मुलं जिन्यावर, पार्किंगच्या कठड्यावर, जागा मिळेल तिथं घोळक्यानं बसतात. हे घोळके अकरावीपासून जमलेले. कुणाच्या डब्यात सुकट चालते, कुणाच्या घोळक्यात कांदासुद्धा चालत नाही, हे सगळं न बोलता ठरलेलं. तेरावीला बाहेरून आलेल्या मुलानं त्यात जाऊन बसायचं म्हणजे जिन्यावरच्या लोकांना 'जरा सरका' म्हणायचं, आणि ते म्हणणं किती कठीण असतं ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक. मला आलेखात जी दरी दिसली होती, ती हीच होती. त्या एका वाक्यानं माझा अख्खा उंट समजावून दिला. मी आनंदानं टेबलावर थाप मारली आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली, कारण ते वाक्य आनंदाचं नव्हतं.

आम्ही अहवालात एकच मागणी केली. तळमजल्यावर परीक्षेचं जुनं सामान ठेवायची एक मोठी खोली आहे, ती रिकामी करून मधल्या सुट्टीत डब्यासाठी उघडावी. लांब टेबलं टाकावीत, म्हणजे घोळके करून बसताच येणार नाही.

प्राचार्य रसायनशास्त्राचे. माणूस सरळ, पण पुरावा मागणारा. त्यांनी आकडे पाहिले, आलेख पाहिला, मान डोलावली. मग मोकळ्या उत्तरांची पानं वाचायला घेतली आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, गलबलून आलं असेल.

ते म्हणाले, "मॅडम, ही सगळी उत्तरं एकाच माणसानं लिहिली आहेत. आणि तो माणूस तुमच्या शेजारी बसलाय."

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

काय झालं ते तत्क्षणी माझ्या लक्षात आलं. आम्ही काम फार चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की आमच्या मुलांमधला एकही मुलगा त्या पानांवर शिल्लक राहिला नव्हता. सगळे जण सारख्याच सुबक, शुद्ध मराठीत उसासे टाकत होते. मी समजावून सांगितलं, अर्थशास्त्राच्या मॅडमचा किस्साही सांगितला. प्राचार्यांना पटलं, पण पुरतं नाही. ते म्हणाले, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण उद्या संस्थेचे लोक मला हेच विचारतील. खोली रिकामी करायची म्हणजे परीक्षा विभागाशी भांडण आहे. मूळ उत्तरं द्या, मी एकटाच वाचेन, कपाटात ठेवेन. नाही तर हा अहवालच कपाटात जाईल.

मागणी अवाजवी नव्हती, हीच अडचण होती. एक फाइल ईमेल केली असती तर त्या वाक्याला त्याची खोली मिळाली असती. पण ते वाक्य लिहिणारं मूल कोण, हे प्राचार्यांना आज ना उद्या कळलंच असतं. मागच्या बाकावरचा तो प्रश्न माझ्या कानात वाजत होता. माझ्या तोंडून 'नाही सर' निघालं आणि मग मी घाईघाईनं पुढे बोलत सुटले, कारण गप्प बसले असते तर कदाचित विरघळले असते. म्हटलं, मूळ उत्तरं नको. आपण हा अहवाल संस्थेच्या आधी मुलांनाच दाखवू. उत्तरं त्यांची आहेत. खोटी असतील तर मुलं आम्हाला हसतील, आणि आमची मुलं हसायला लाजत नाहीत. तुम्ही मागे उभे राहून बघा.

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "आणि हसली तर?"

"तर अहवाल कपाटात, आणि मी परत चेंडू मोजायला."

शुक्रवारी हॉल भरला. पंखे गरगरत होते, पुढच्या रांगा रिकाम्या आणि मागे गर्दी, नेहमीसारखं. मी आधीच सांगून टाकलं, की तुमचे शब्द आम्ही बदलले आहेत, कोणी ओळखू नये म्हणून. अर्थ बदललेला नाही, बदलला असं वाटलं तर येऊन मला झापा. मग आलेख लावला. उंट दिसताच हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी दोन कुबडं कोणाची ते सांगितलं आणि कुजबुज वाढली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, तू कुठल्या कुबडातला असं विचारायला लागली. माझ्या अख्ख्या नोकरीत संख्याशास्त्राला इतका प्रतिसाद मिळाला नव्हता. मला पाय थिरकवावेसे वाटत होते.

मग ती वाक्यं आली. मी एकेक वाचत गेले. काहींवर हशा झाला, ग्रंथालयाच्या पंख्यावरच्या वाक्याला तर टाळ्या पडल्या. डब्याचं वाक्य आलं. मी वाचलं. कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. मी पाणी प्यायले आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं. मागे प्राचार्य हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ते जिन्यापाशी येऊन माझ्याजवळ उभे राहिले. मुलं हसली नाहीत हे खरं, पण त्यानं सिद्ध काय झालं, असं काहीतरी ते म्हणू लागले होते. तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी गर्दीतून बाजूला आली आणि प्राचार्यांना न बघताच मला म्हणाली, "थँक यू मॅडम. तुम्ही खरंच नाव कळू दिलं नाहीत."

कशाबद्दल, मी विचारलं.

"ते डब्याचं वाक्य." एवढं बोलून ती निघून गेलीसुद्धा.

ती होती तर. आणि प्राचार्यांनी तिला पाहिलं होतं. म्हणजे इतकं सगळं करून मीच तिला त्यांच्यासमोर उभं केलं. मी काही बोलणार इतक्यात वाणिज्य शाखेचा एक दांडगा मुलगा आला, खांद्यावर क्रिकेटची किट. त्यानं मान खाली घालून विचारलं, की मॅडम, ते डब्याचं माझंच होतं ना, तुम्ही फक्त शब्द बदललेत ना. त्यानं मूळ काय लिहिलं होतं असं विचारायचा मला हक्क नव्हता. पण तो स्वतःच म्हणाला, की मी कँटीनचं काहीतरी लिहिलं होतं, तुम्ही ते बरोब्बर पकडलंत. तो गेला तोच आणखी दोघी आल्या, दोन वेगळ्या वर्गांतल्या. दोघींचंही तेच.

प्राचार्यांनी घडी घातलेले हात सोडले होते.

शेवटी एक मुलगा आला. बराच वेळ तो खांबापाशी थांबून गर्दी कमी व्हायची वाट बघत होता. त्यानं आधी प्राचार्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तरीही बोलला.

"मॅडम, मी त्या रकान्यात 'सगळं ठीक आहे' लिहिलं होतं. पण मला डब्याचंच लिहायचं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो हसला आणि जिना उतरून गेला. प्राचार्यांनी हळूच विचारलं, की मुळात हे किती जणांनी लिहिलं होतं. एवढं सांगायला हरकत नव्हती.

"एकानं, सर."

त्यांनी मान हलवली आणि शिपायाला हाक मारून परीक्षेच्या खोलीची चावी मागवली.

परीक्षा विभागाशी व्हायचं ते भांडण झालंच. पण पुढच्या आठवड्यात एका दिवशी खोली उघडली, लांब टेबलं लागली, आणि पहिल्या दिवशी मुलं दारातच घुटमळली. आत आधीपासून कोण बसलंय ते बघत होती. आत मराठीचे सर बसले होते, एकटे, डब्यातली भाकरी मोडत. मला बघून म्हणाले, "माझ्या आख्ख्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला वाक्य ह्या. आणि खाली माझा नाव घालूची सोय नाय." मग स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि दारातली दोन मुलं पाण्याची बाटली घेऊन आत धावली. ती मग तिथंच बसली.

आता सुट्टीत ती खोली भरलेली असते. मी कधीकधी माझा डबा घेऊन जाते. परवा जागा शोधत उभी होते, तर टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीनं आपली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा ना मॅडम, इथं."

ती कोणाची कोण, मला माहीत नाही. ते वाक्य तिचं होतं की नव्हतं, हेही नाही. मी बसले, डबा उघडला, आणि भाजी कुठली आणलीस एवढंच तिला विचारलं.